वाचकांचे प्रश्न : गॅबॉनचं रान, तिथले हत्ती आणि आपली केळी

मध्य आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॅबॉन या देशाबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. देश २ लाख ६७ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे सत्तरेक गोवे मावतील एवढा. त्यातला सुमारे ८८ टक्के भाग जंगल, आणि माणसं पंचवीस लाखांच्या आसपास. २००२ मध्ये तिथल्या सरकारने एका दमात १३ राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. बहुतेक पत्रांत एक समजूत डोकावते की आफ्रिका म्हटली की जीपमध्ये बसायचं आणि प्राणी बघत जायचं. गॅबॉनच्या रानात पंधरा पावलांपलीकडचं दिसत नाही. प्राणी बघायचा तर रान जिथे सुटतं तिथे जाऊन थांबावं लागतं : समुद्राची वाळू, गवताळ माळ, किंवा दलदलीतली मोकळी जागा, जिला तिकडे ‘बाय’ म्हणतात.

तिळारीकडून हत्ती उतरले की केळी-माडांचं काय होतं ते आम्ही जाणतो. गॅबॉनमध्ये म्हणे आपल्याहून जास्त हत्ती आहेत. तिथला शेतकरी काय करतो? आणि तो हत्ती आपल्यासारखाच का?
— एक बागायतदार, पेडणे

आपल्यासारखा नाही, आणि टीव्हीवरच्या आफ्रिकन हत्तीसारखाही नाही. तो जंगली हत्ती, वेगळी जात. २०२१ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत त्याची माळरानी हत्तीपासून वेगळी नोंद झाली, तीही ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात. खांद्याशी उंची साधारण दोन ते अडीच मीटर, कान गोलसर, आणि सुळे सरळ जमिनीकडे वळलेले, कारण वाकडे-फाकलेले सुळे घेऊन वेलींच्या जाळ्यातून चालता येत नाही. आपल्याकडे मोठे सुळे नरालाच असतात, तिकडे मादीलाही. सोंडेचं टोक पाहिलंत तर आपल्या हत्तीला वरच्या बाजूला एकच बोट, त्याला वर-खाली दोन. पेन्सिलीएवढी काडीही तो चिमटीत धरून उचलतो.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार गॅबॉनमध्ये असे सुमारे ९५ हजार हत्ती आहेत. साऱ्या भारतातल्या हत्तींच्या तिपटीहून हा आकडा जास्त. तरी तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. ईशान्येकडच्या मिंकेबे उद्यानात २००४ ते २०१४ या दहा वर्षांत हस्तिदंतासाठी सुमारे २५ हजार हत्ती मारले गेले. ही मादी पहिल्यांदा विते ती सरासरी तेविसाव्या वर्षी आणि दोन पिल्लांत पाच-सहा वर्षं जातात. एवढी पडलेली तूट भरून यायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात.

आता शेतीचं. लोपे उद्यानात १९८६ पासून दर महिन्याला ठरावीक झाडांची फळं मोजतात. २०२० मध्ये त्याचा हिशेब प्रसिद्ध झाला : ऐंशीच्या दशकात हत्तीला दर दहा झाडांमागे एकावर पिकलेलं फळ मिळत होतं, आता पन्नासांहून जास्त झाडं पालथी घालावी लागतात. कारण रात्रीच्या गारव्यात असावं. तिथल्या काही झाडांना मोहोर धरायला कोरड्या ऋतूत रात्रीचं तापमान १९ अंशांच्या खाली जावं लागतं, आणि तशा रात्री कमी होत चालल्या आहेत. आपल्याकडे थंडी पडली नाही की आंबा-काजूचा मोहोर रुसतो, तोच प्रकार. रानात फळ नाही म्हटल्यावर हत्ती गावाकडे वळतो आणि केळी-कसावा एका रात्रीत आडवे करतो.

त्यावर तिकडे चालतं ते सौरऊर्जेवरचं झटका-कुंपण. त्यात पाच हजार व्होल्टच्या वरचा, पण क्षणभराचा ठोका जातो. हत्ती दचकतो, मरत नाही. हे कुंपण फसतं ते ठरलेल्या तीन जागी. पहिली, अर्थिंग. मातीत दीड-दोन मीटरच्या निदान तीन सळ्या हव्यात, आणि जमीन सुकली की ठोका उतरतो, म्हणून सळ्या ओलसर जागी ठोकायच्या. दुसरी, गवत. तारेला पालवी टेकली की वीज तिथेच गळते. पावसाळ्यात आठवड्याला तारेखालची सफाई केली नाही तर कुंपण नावालाच उरतं, आणि सांभाळायला पुढे कोणी येत नाही म्हणूनच बहुतेक कुंपणं मरतात. तिसरी, खुद्द हत्ती. सुळ्यातून वीज वाहत नाही हे तो लवकर शिकतो आणि सुळ्याने तार तोडतो, नाहीतर खांब पायाने लवंडतो. म्हणून खांबांवरूनही बाहेरच्या बाजूला तार काढतात.

मधमाश्यांच्या पेट्यांबद्दलही तुम्ही ऐकलं असेल. गॅबॉनमध्येच त्याचा प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो छापून आला. रिकाम्या पेटीला हत्ती जुमानत नाही, आणि सुस्त पोळ्यालाही नाही. पोळं चांगलं भरलेलं आणि माश्या सतत ये-जा करणाऱ्या असतील तरच तो पेटी टांगलेलं झाड सोडतो. म्हणजे नुसत्या पेट्या टांगून भागत नाही, माश्या पाळाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो : घरातली वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात हत्तीच्या आधी बहुधा आपलाच गडी मरतो.

आम्ही काही विद्यार्थी सत्तरीतल्या रानात कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायला शिकतो आहोत. विषुववृत्तीय जंगलात तेच तंत्र चालतं का?
— प्राणीशास्त्राची विद्यार्थिनी, वाळपई

तंत्र तेच, पण कॅमेरा खाणारे शत्रू जास्त.

उंची आधी. आपल्याकडे वाघासाठी कॅमेरा गुडघ्याच्या आसपास बांधतात. गॅबॉनमध्ये सगळ्यात जास्त भेटतो तो निळा ड्यूकर, चार-पाच किलोचं हरणासारखं जनावर, खांद्याशी वीतभर-दीड वीत. म्हणून ३० ते ४० सेंटिमीटर उंचीवर, भिंगाची रेघ जमिनीला समांतर ठेवून बांधायचा. वाटेपासून अंतर तीन-चार मीटर. प्राणी कॅमेऱ्याच्या समोरून आडवा जायला हवा. सेन्सर उष्णतेतला फरक ओळखतो, आणि तुमच्याकडे सरळ चालत येणाऱ्या जनावराचा फरक त्याला उशिरा कळतो. दुपारी हवाच शरीराएवढी तापली तर फरकच उरत नाही, म्हणून रात्री आणि पहाटे फोटो जास्त येतात. भिंगाचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा. पूर्व-पश्चिम ठेवलं की उगवता-मावळता सूर्य शेकडो रिकामे फोटो काढून घेतो.

झाड निवडताना पोटरीएवढ्या जाडीचं, न हलणारं घ्या. बारीक झाड वाऱ्याने डुललं की कॅमेरा समजतो काहीतरी आलं. समोरचं गवत आणि वेली मुळापासून काढा. तिथल्या पावसात पंधरा दिवसांत फांदी भिंगापर्यंत येते, आणि कार्ड भरून पानंच पानं मिळतात. बांधून झाल्यावर एकाने वाकून, शक्य तितकं बुटकं होऊन समोरून चालून दाखवायचं आणि दिवा पेटतो का ते बघायचं. ही चाचणी कंटाळून टाळली की महिनाभर वाया गेलाच.

ओल हा खरा वैरी. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि प्रत्येक फेरीला बदला, रंग उतरलेली पुन्हा ठेवू नका. झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण जरी राहिला तरी पाणी आत जातं. मुंग्या तर डब्यातच घर करतात, म्हणून उघडायच्या आधी डबा ठोठावून बघा. साध्या अल्कलाइन सेलचा दाब हळूहळू उतरतो आणि रात्रीचे फोटो काळे येऊ लागतात. लिथियमचे सेल महाग पडतात पण शेवटपर्यंत सारखे चालतात.

राहिला हत्ती. त्याच्या वाटा फळझाडापासून फळझाडाकडे जातात, पिढ्यान् पिढ्या तुडवलेल्या, चांगल्या रुंद. बाकीचे प्राणीही त्याच वापरतात, म्हणून कॅमेरा तिथेच लावावा लागतो, आणि तिथेच तो मोडतो. नव्या वासाची वस्तू सोंड लावून पाहायची हा त्याचा स्वभाव. लोखंडी पेटी आणि वाटेपासून थोडं मागचं झाड, एवढं केलं तरी काही कॅमेरे जाणार, हे खर्चात आधीच धरून चाला.

गोरिला बघायला गॅबॉनला जायचं आहे. कधी जावं, काय तयारी करावी?
— निवृत्त शिक्षक दांपत्य, मडगाव

गॅबॉनमध्ये आहे तो पश्चिमेकडचा सखल प्रदेशातला गोरिला. माणसाला सरावलेले गट फार थोडे. किनाऱ्यावरच्या लोआंगोत एक गट पाहुण्यांना दाखवतात. मुकालाबा-डुडू उद्यानात जपानी संशोधकांनी वर्षानुवर्षं मागे फिरून दुसरा एक गट सवयीचा केला. ही सवय लागायला वर्षं जातात, कारण हे गोरिला फळांच्या मागे दिवसाला बरंच चालतात आणि माणूस दिसला की सटकतात.

जून ते सप्टेंबर हा तिथला मोठा कोरडा ऋतू. आपल्याकडे धो-धो पाऊस असताना तिकडे आभाळ नुसतं झाकोळलेलं. वाटा चालण्याजोग्या असतात आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये लोआंगोसमोर कुबडे देवमासेही येतात. पण हत्ती आणि तांबडे रानरेडे वाळूवर चरताना बघायचे तर पावसाचे महिने बरे. दोन्ही एका फेरीत साधत नाही. आमचं मत विचाराल तर गोरिलासाठी कोरडा ऋतू घ्या आणि तीन-चार दिवस लोपेला द्या. तिथे माळ आणि रान एकमेकांत शिरलेलं आहे, त्यामुळे दिसतं तरी. मँड्रिल या रंगीत तोंडाच्या माकडांचे सहाशे-आठशेंचे कळप तिथेच मोजले गेलेत, आणि नर कळपात येतात ते याच दिवसांत. लोपेला राजधानीजवळच्या ओवेंदोहून निघणारी रेल्वे जाते, पण गाडी बहुधा अपरात्री पोचते, आणि वेळापत्रकावर विसंबून पुढचं विमान धरू नका.

गोरिलापुढे एकच तास, मोजकी माणसं, तोंडावर मास्क, आणि अंतर दहा मीटर. सर्दी-खोकला असेल तर पैसे भरलेले असले तरी जायचं नाही. आपली साधी सर्दी वानरांच्या कळपात शिरली की त्यांना न्यूमोनिया होतो आणि पिल्लं पटापट मरतात. पश्चिम आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये हे सिद्ध झालेलं आहे. नर अंगावर धावून आला तर पळू नका. खाली बसा, नजर जमिनीकडे, वाटाड्या सांगेल तसं.

गोरिला नाहीच दिसला तरी त्याची रात्रीची शय्या दिसेल. दर संध्याकाळी तो नवी करतो, बहुतेकदा जमिनीवर, रानआल्यासारख्या झुडपांचे दांडे मोडून दुमडून. चिंपांझी झाडावर फांद्या वाकवून करतो. खात्री करायची असेल तर शेण बघा. गोरिला बऱ्याचदा शय्येतच घाण करतो, चिंपांझी कडेवरून खाली सोडतो. शास्त्रज्ञ या शय्या मोजूनच किती वानरं आहेत याचा अंदाज बांधतात.

पीतज्वराची (यलो फिव्हर) लस घेतल्याशिवाय गॅबॉनमध्ये प्रवेश नाही. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात चौकशी करा. एका कुपीत अनेक डोस असतात, म्हणून ठरलेल्या दिवशीच देतात, आधी फोन करून जा. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला आता जन्मभर चालतो. तो हरवला तर परतताना इथल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. तुम्ही दोघं साठीच्या पुढचे असाल, किंवा कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल, तर लस टोचण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला, कारण या वयात पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो. मलेरिया तिथे बारा महिने आणि घातक जातीचा. गोळी निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही चालू ठेवावी लागते, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे. घरी आलो, ताप नाही, म्हणून लोक मध्येच सोडतात आणि मग तापाने पडतात.

कपडे फिकट खाकी किंवा राखी, पूर्ण बाह्यांचे. गडद निळ्या रंगावर चावरी त्से-त्से माशी येते. पँट मोज्यात खोचायची, कारण फौजी मुंग्यांची रांग ओलांडताना कळतच नाही. डोळ्यांभोवती घोंगावणाऱ्या घामट माश्या चावत नाहीत, पण पाच मिनिटांत माणूस वेडा होतो. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी इथूनच न्या.

तिकडे सिंह, जिराफ आहेत का?
— इयत्ता सातवी, डिचोली

जिराफ नाही, झेब्राही नाही. सिंह संपला असं मानत होते, पण २०१५ मध्ये बाटेके पठारावरच्या कॅमेऱ्यात एक एकटा नर सापडला. आणि तुझ्या वर्गात सांगायला आणखी एक : आबांडा नावाच्या गुहांमध्ये बुटक्या सुसरी राहतात. वटवाघळांच्या विष्ठेच्या चिखलात वर्षानुवर्षं राहून त्यातल्या काहींची कातडी नारिंगी झाली आहे.

गालजीबागला आम्ही कासवांची अंडी राखतो. गॅबॉनला म्हणे कासवांचा मोठा किनारा आहे. तिथे राखण कशी करतात?
— एक स्वयंसेवक, काणकोण

तुमच्याकडे येतं ते ऑलिव्ह रिडले. तेही गॅबॉनमध्ये येतं, पण तिथला राजा चामडी पाठीचं कासव. पाठ दीड मीटरची, वजन तीनशे ते पाचशे किलो. दक्षिणेकडचं मायुंबा आणि राजधानीसमोरचं पोंगारा हे त्याचे मुख्य किनारे. २००९ मध्ये छापलेल्या अंदाजानुसार गॅबॉनला अंडी घालणाऱ्या माद्या १५ हजार ते ४१ हजारांच्या दरम्यान. त्या हिशेबाने तेव्हा जगात एवढ्या कुठेच नव्हत्या. हंगाम तुमचाच, नोव्हेंबर ते मार्च.

राखणीची रीत ओळखीची वाटेल : रात्री गस्त, पांढरा दिवा बंद, लागलाच तर तांबडा, आणि मादी खड्डा खणत असताना जवळ जायचं नाही. अंडी पडू लागल्यावर मागच्या बाजूने मोजमाप. त्या घरट्यात मोठ्या अंड्यांबरोबर काही बारीक, बलक नसलेली अंडीही असतात. ती खराब समजून काढून टाकायची नाहीत.

तुमच्याकडे नसलेली एक अडचण मात्र तिथे आहे : ओंडके. नदीतून तराफे करून सोडलेलं ओकुमे या झाडाचं लाकूड सुटून समुद्रात जातं आणि लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडतं. एकेक ओंडका टनावारी. मादी वर चढताना त्याला अडून परत फिरते, नाहीतर भरतीच्या रेषेखालीच अंडी घालते आणि ती बुडतात. कधी दोन ओंडक्यांमध्ये अडकून उन्हात मरतेसुद्धा, कारण कासवाला मागे सरकता येत नाही. ओंडके यंत्राशिवाय हलत नाहीत आणि यंत्र वाळूवर आणलं की घरटी चिरडतात. म्हणून ते काम हंगाम सुरू व्हायच्या आधीच उरकावं लागतं.

आमच्याकडे राखाडी आफ्रिकन पोपट आहे, चांगलं मराठी बोलतो. तो ठेवणं गुन्हा आहे का? अलीकडे पिसं उपटतो.
— गृहिणी, फोंडा

आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. राखाडी पोपट परदेशी, त्याचं तसं नाही, पण नोंद सक्तीची आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आला. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ज्यांच्याकडे आधीपासून होता त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नव्याने घेणाऱ्याला तीस दिवसांची. अर्ज ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर, मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. मुदत उलटली असेल तर लपवून ठेवू नका, पणजीत वन खात्यात जाऊन विचारा. पुढे तो कुणाला दिला, मेला, किंवा पिल्लं झाली, तरी कळवावं लागतं.

पिसं उपटण्याचं मुख्य कारण बहुधा एकटेपणा आणि कंटाळा. रानात हा पक्षी थव्याने राहतो आणि दिवसभर तेलताडाची फळं सोलत असतो. इथे वाटीत सूर्यफुलाच्या बिया आयत्या मिळतात, मग चोच करणार काय? करवंटीत दाणे दडवून द्या, ओल्या फांद्या सोलायला द्या. नुसत्या बियांवर ठेवलेल्या या जातीला कॅल्शियम कमी पडून झटके येतात, म्हणून पालेभाजी रोज आणि सकाळचं कोवळं ऊन. अवोकाडो विष आहे, परसात झाड असलं तरी देऊ नका. नॉनस्टिक भांडं गॅसवर रिकामं तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नको. आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, कारण कधी कधी कारण त्वचेत किंवा पोटात असतं. आणि दुसरा आणायचा विचार असेल तर कागद बघितल्याशिवाय नको. जानेवारी २०१७ पासून रानातून पकडलेल्या राखाडी पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. ते पकडतात फांदीला चीक लावून, आणि पकडलेल्यांतले बरेच वाटेतच मरतात.

मुलगा बोटीवर आहे, पोर्ट जेंटिलला उतरतो. बाजारात हस्तिदंताच्या वस्तू, कातडी पाकिटं मिळतात म्हणे. काय आणायला सांगू?
— एक आई, वास्को

हस्तिदंत नको, मगरीचं कातडं नको, कासवाची पाठ नको, खवल्या मांजराचं खवलं अंगठीत बसवलेलंही नको. दुकानदार पावती देतो आणि सांगतो की जुना माल आहे, कायदेशीर आहे. त्या पावतीचा इथल्या कस्टमपुढे उपयोग शून्य. वस्तू जाईल, खटला राहील, आणि बोटीवरच्या नोकरीत असा खटला परवडत नाही.

रानातलं मांस खाऊ नको हेही सांगा. १९९६ मध्ये मायिबू गावात काही जणांनी रानात मेलेला चिंपांझी कापून आणला आणि त्यातून इबोलाची साथ फुटली. हॉटेलात ‘आज खास’ म्हणून काही वाढलं तर मासळी मागावी. तिथली मासळी चांगली असते.

लाकडी मुखवटे आणायला हरकत नाही, पण केवाझिंगो या लाकडाचे नकोत. त्याच्या तोडीवर तिथे बंदी आहे. बाकीचे घेताना मागून बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा आहे का ते बघावं, नाहीतर भुंगेरे घरच्या फर्निचरला लागतात. त्यापेक्षा म्बिगूच्या मऊ दगडातली कोरीव शिल्पं घ्यावीत. ती गॅबॉनची खासियत, आणि त्यात कुठलं जनावर मरत नाही. जड असतात, एवढंच. दोन-तीन छोटी घेतली तरी सामानाचं वजन आधी करून बघायला सांगा.